खोडलेल्या दोन ओळी

"माझे आजोबा एकटेच आले ना?" रोझाआजींनी विचारलं.

"एकटेच," मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

शहाऐंशी वर्षांच्या रोझाआजी मूळच्या इटालियन घराण्यातल्या. त्यांचे आजोबा बायकोला आणि तान्ह्या बाळाला गावी टाकून अमेरिकेला पळाले, असं घरात सगळे मानत. मायलेक सहा वर्षांनी मागून आले. "ते बाळ म्हणजे माझे डॅडी. मरेपर्यंत बापाशी धड बोलले नाहीत. मला फक्त खात्री करायची होती," त्या म्हणाल्या. मी ती तत्परतेने करून दिली.

मी मॅसॅच्युसेट्समधल्या जुन्या कागदपत्रांच्या एका छोट्या अर्काइव्हमध्ये डेटाबेस सांभाळतो. एका बंद पडलेल्या स्टीमशिप कंपनीच्या प्रवाशांच्या याद्या आमच्याकडे आहेत. बोट सुटण्याआधी कंपनीचे कारकून युरोपातल्या बंदरावर त्या हाताने लिहीत. आम्ही त्या टाइप करून सर्चला लावतो.

आजींना मूळ पानाचा प्रिंट हवा होता. मी स्कॅन उघडला. आजोबांच्या नावाखाली त्याच आडनावाच्या दोन ओळी होत्या. बाई, वय चोवीस. मुलगा, आठ महिने. दोन्हींवर आडवी रेघ. मुलाच्या नावाच्या कडेला बारीक अक्षरात नोंद: डोळे.

माझा चेहरा पडला. खोडलेल्या ओळी टाइप करू नका, हा नियम माझाच. आमची आई सांगलीला शिक्षिका. खोडलेलं उत्तर तपासायचं नसतं, हे मला बाळकडूच मिळालेलं.

कंपनीचा हिशेब वेगळा होता. अमेरिकेने नाकारलेला प्रवासी कंपनीला फुकट परत न्यावा लागे. म्हणून कंपनीचा डॉक्टर धक्क्यावरच प्रत्येकाला तपासायचा, डोळे तर हमखास. संसर्ग दिसला की प्रवास रद्द आणि नावावर रेघ.

"आजी, चूक माझी आहे," मी म्हणालो. "हे तिघंही धक्क्यापर्यंत आले होते. बाळाच्या डोळ्यांमुळे मायलेकांना थांबवलं."

त्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं.

"ग्रँडमा कधी बोललीच नाही," त्या हळूच म्हणाल्या. "बोलली असती तर डॅडींना वाटलं असतं, माझ्यामुळे झालं."

मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तितकाच आनंदही झाला. आजींनी तिथूनच नव्वदीच्या भावाला फोन लावला. रीडिंग रूममध्ये फोनला बंदी आहे. भावाला ऐकायला कमी येतं.

"टोनी, तिकिटं तिघांची काढली होती! तिघांची!"

माझी बॉस डायना धावत आली. मी तिला सगळं सांगितलं.

"अशा किती ओळी आपण सोडल्या?"

"सगळ्या."

"मग सगळ्या याद्या पुन्हा तपासायच्या."

त्याला आठ महिने लागले. नियम करणाऱ्याने आधी शंभर पानं स्वतः वाचावीत, एवढं मी त्यातून शिकलो. काम अतिशय कंटाळवाणं होतं. मी ते मजेत केलं.