सनद परराज्यातली, लग्न उरणचं

ती घटना आजही विसरता येत नाही. तिच्यात ना चाकू होता ना पिस्तूल, होता फक्त एक काळा कोट.

पनवेलला मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. करंजाड्यात एकाने व्हिसाच्या कामांसाठी वकिलीचं ऑफिस थाटलं होतं. पहिली खबर आणली ती इथल्याच दोन वकिलांनी. याची सनद दूरच्या राज्याची, मग इथे दुकान कसं मांडलं, असं त्यांचं म्हणणं. मी सांगितलं, सनद कुठलीही असो, वकिली देशभर करता येते. पोलिसांचं त्यात काम नाही. तरी खातरजमा केली. नाव खरं, नंबर खरा. सनद जुनी होती, तिच्यावर फोटो नव्हता, पण तेव्हा त्यात वावगं काही दिसलं नाही.

पुढच्या आठवड्यात उरणकडची एक कोळीण सुनेला घेऊन आली. मुलगा परदेशात नोकरीला, सून त्याच्याकडे जायची होती. वकिलातीतली मुलाखत तोंडावर आलेली आणि पासपोर्ट त्या वकिलाकडे अडकलेला. लग्न धवलारणीने लावलंय, म्हणजे धवले ही लग्नगीतं गाऊन विधी करणाऱ्या बाईने, हे त्याला खटकलं होतं. असलं लग्न बाहेरचे लोक मानत नाहीत म्हणून त्याने भटजीच्या नावाचा खोटा दाखला अर्जाला जोडला. सासूने तो काढायला सांगितला, तर हा पासपोर्टच देईना.

"धवलारीन माझी सख्खी बहीन हाय साहेब," बाई म्हणाली. "तिनं लावलेलं लगीन लपवायचं? आमी खोटं नाय सांगनार."

सून मान खाली घालून उभी होती. खोटा दाखला पकडला गेला तर तिला परदेशाचं दार कायमचं बंद होण्याची भीती होती. मला त्या वकिलाचा मनस्वी राग आला. गुन्हा दाखल करून त्याला बोलावून घेतलं.

गडी कोट चढवूनच आला. कलमं पाठ, बोलणं गुळगुळीत, दाखल्याचं खापर पक्षकारावर. हवालदाराने जबाब टाइप करून प्रत पुढे ठेवली. शेजारी माझं पेन पडलं होतं. कुणी काही म्हणायच्या आत त्याने ते उचललं आणि प्रत्येक पानाखाली झोकदार सही ठोकली.

हवालदार माझ्याकडे बघायला लागला. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते. वकील ही गोष्ट पक्षकाराला ठाण्याच्या पायरीवरच बजावतो. सही मागितली तर आमच्याशीच भांडतो.

मी चहा मागवला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही कोणाकडे कारकून होता?"

कप खाली ठेवून त्याने सगळं कबूल केलं. खरा वकील त्या राज्यात अंथरुणाला खिळलेला होता. हा त्याच्या ऑफिसात अर्ज भरायचा. मालकाची सनद उचलून तो इतक्या लांब आला, कारण इथे मालकाचा चेहरा कुणाच्या ओळखीचा नव्हता.

ऑफिसची झडती घेतली. सापडलेले पासपोर्ट मुद्देमालात गेले, तर सुटायला महिने लागतात. म्हणून त्याच दिवशी न्यायालयात अहवाल दिला आणि सुनेचा पासपोर्ट हमीवर सोडवला. फिर्यादीची प्रत तिच्या हातात देऊन सांगितलं, मुलाखतीत खोट्या दाखल्याचं आधी तूच बोल. व्हिसा मिळेलच, असं मात्र मला छातीठोक सांगता आलं नाही.

महिन्याभराने सासू एकटीच ठाण्यात आली. व्हिसा नाकारला असणार, असं मी धरून चाललो. पण सून नवऱ्याकडे पोचली होती. मुलाखतीत काय झालं, ते मी विचारलं.

"ती बोलली, वकील खोटा निघाला, लगीन खरं हाय. मग मोबाइलवर माझ्या बहिनीचे धवले लावले. समोरची मडम शेवटपर्यंत आयकत बसली."

कागद तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि तपासायलाच हवेत. पण त्या प्रकरणात सगळे खरे शिक्के त्या भामट्याकडे होते, आणि ज्यांचं सगळं खरं होतं त्यांनाच पुरावा द्यावा लागला. तेव्हापासून समोर कागद आला की मी आधी तो आणणाऱ्या माणसाकडे बघतो.