अध्यक्षांचा होकार

मत नसलेल्या माणसाइतका कडवा मतदार शोधून सापडायचा नाही, हे मी बहरीनमध्ये शिकलो. तुबलीच्या एका गॅरेजात मी फिटर होतो. मनामात आम्ही एकाच तालुक्यातली माणसं एका खोलीत राहायचो आणि दर शुक्रवारी, जेवण झाल्यावर, आमच्या आमदाराला पाडायचो. प्रत्यक्ष मतदानाला आमच्यातला एकही गावात नसायचा. त्यामुळे आमदार दोनदा निवडून आले.

ते निवडून का येत, हे मात्र त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. सत्तरच्या दशकात एकदा रजेवर गेलो, तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल व्हाळापलीकडे. पावसाळ्यात व्हाळ असा भरून वाहायचा की म्हैससुद्धा पाण्यात पाय घालायला बघायची नाही. त्यावर साकव हवा होता. मोठा पूल नको, माणसांना चालत पलीकडे जाता येईल एवढंच. मी मुलीला बरोबर घेऊन गेलो. आमदारांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, बहरीनच्या उन्हाची चौकशी केली, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सांगितलं, "साकव जिल्हा परिषदेकडे येतो हो. मी पडलो विधानसभेतला. तरी बघतो." परतताना मी इतका खूश होतो की घरी पोहोचेपर्यंत काहीच मिळालं नाही हे लक्षातच आलं नाही.

पुढल्या निवडणुकीत पक्षाने त्यांचं तिकीट कापलं. मग ते जिल्हा परिषदेला उभे राहिले आणि थेट अध्यक्ष झाले. मुंबईतून जिल्ह्याला येणं म्हणजे त्यांच्या लेखी वरच्या माळ्यावरून तळमजल्यावर राहायला येणं. आमच्या खोलीत मात्र जिलेबी आली. साकव जिल्हा परिषदेकडे, आणि आता जिल्हा परिषदच त्यांच्याकडे. आता सुटणार कुठे?

सुटले. अध्यक्ष झाल्यावर ते सांगू लागले की निधी मुंबईहून येतो. मुलगी आठवीत गेली आणि तिचा पहिला पावसाळा घरातच गेला. सहामाहीत तिचे निम्मे विषय राहिले. माझे थोरले भाऊ घरचे कर्ते. त्यांनी मला कळवून टाकलं, की अजून एक पावसाळा असाच गेला तर तिला शाळेतून काढू, नाहीतरी स्थळं यायला लागली आहेत. बायको त्यांच्यासमोर बोलायची नाही. मी समुद्रापलीकडे इंजिनं खोलत बसलेलो. रागाने जेवण जायचं नाही, पण राग कोणावर काढायचा तेही कळेना.

अशात अध्यक्षच बहरीनला आले. त्यांचे एक आप्त तिथे बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते. मुंबई-पुण्याकडच्या इंजिनीअर आणि अकाउंटंट मंडळींनी बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, एका कापडदुकानावरच्या हॉलमध्ये सत्कार ठेवला. आम्हा गॅरेजवाल्यांना खुर्च्या लावायला लवकर आणि बसायला शेवटच्या रांगेत बोलावलं होतं. दीपप्रज्वलन आणि स्वागतगीत असा बेत होता. पण आमच्या मेसचा म्हातारा स्वयंपाकी अडून बसला. गावात देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. गावच्या माणसाचा मान करायचा आणि देवाला गाऱ्हाणं नाही, हे त्याला पटेना. अध्यक्षांनीच त्याची बाजू घेतली. "गाराणा होऊक व्हयाच," ते म्हणाले, आणि मागच्या रांगेने टाळ्या वाजवल्या. माणूस मुरलेला होता.

ज्यांनी ते ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एकजण नारळ पुढे ठेवून सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलतो, आणि प्रत्येक मागणीला जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात; शेवटी नारळ फुटला की मागणं पक्कं. आमच्याकडची मुलं बोलायला लागतात ती हे म्हणतच. तिथे विचार करायची पद्धत नाही.

म्हाताऱ्याने डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्यापासून लांब, समुद्रापलीकडे जमली हत. तेंची राखण कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या घरादाराक, गुराढोरांक सुखात ठेव, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अध्यक्षही डोळे मिटून, हात जोडून म्हणत होते. आवाज सगळ्यांत मोठा त्यांचाच. सभा जिंकलेला गळा तो.

"आणि हो जो तुझो झील आज अध्यक्ष होवन हय इलो हा, तेच्या हातसून आमच्या व्हाळार येत्या पावसाआधी साकव बांधून घे, आणि आमच्या चेडवांक शाळेत जावक वाट कर, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" अध्यक्ष गरजले. मग त्यांचे डोळे उघडले.

मी ते तोंड कधी विसरणार नाही. इतक्या वर्षांत त्यांनी कुठल्या सभेत कशालाच होय म्हटलं नव्हतं. आणि आज, देवाच्या नारळासमोर, सगळ्यांदेखत! पुढच्या रांगेतले पुणेकर कौतुकाने हसत होते. त्यांना वाटलं, लोककलेचा कार्यक्रम झाला.

जेवणाच्या वेळी अध्यक्ष म्हाताऱ्याला कोपऱ्यात घेऊन गेले. मी पाण्याचा जग घेऊन जवळच उभा होतो.

"गाराण्यात मागसून काय बदल करूक येता काय? 'पावसाआधी' च्या ठिकाणी 'लवकरात लवकर' असा काय?"

विधानसभेत दहा वर्षं काढलेला माणूस, दुरुस्ती मांडणारच. म्हातारा भात वाढतच राहिला.

"खलास, सायबानु. नारळ फुटलो."

पुढे माझ्या बायकोने सांगितलं ते असं. अध्यक्ष परतले आणि महिन्याभरात व्हाळावर दगड येऊन पडले. पाऊस लागायच्या आत साकव उभा राहिला. पण उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं आणि मंत्र्यांना वेळ नव्हता. ठेकेदाराने दोन्ही टोकांना काटेरी फांद्यांची कवळं आणि दोर लावून वाट बंद केली. पाऊस कोसळू लागला, व्हाळ भरला, आणि वर नवाकोरा साकव कोरडा ठणठणीत. माझी मुलगी दप्तर घेऊन रोज काठापर्यंत जायची आणि परत यायची.

एके सकाळी अध्यक्ष छत्री घेऊन एकटेच आले. बरोबर ना गाडी ना कार्यकर्ता. त्यांनी स्वतःच्या हाताने कवळं ओढून बाजूला टाकली आणि मुलीला म्हणाले, "जा गो बाय."

मंत्र्यांना हे कळलं तेव्हा ते खूप चिडले म्हणतात. अध्यक्षांना परत आमदार व्हायचं होतं, तिकीट जवळजवळ ठरलं होतं. ते गेलं दुसऱ्यालाच. अध्यक्ष अपक्ष उभे राहिले आणि पडले. आमच्या खोलीत त्या शुक्रवारी पहिल्यांदाच कुणी निवडणुकीवर बोललं नाही.

त्यानंतर मी रजेवर गेलो तो आधी त्यांच्या घरी गेलो. अंगणात ते एकटेच सुपाऱ्या सोलत बसले होते. माणसांची वर्दळ संपली होती. त्यांनी पुन्हा माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"चेडू कितवीत?"

"मॅट्रिक पास झाला. आता कॉलेजात जाता म्हणता."

त्यांचा चेहरा इतका फुलला की मलाच भरून आलं. "जाऊ दे, जाऊ दे, अडवू नको," म्हणाले. मग सुपारीकडे बघत त्यांनी विचारलं, "तालुक्याचा सोड. तुमच्या वाडीन तरी दिली मता?"

"ह्या काय इचारणा झाला?" मी म्हणालो. "सगळी तुमकाच."

त्यांनी मान हलवली आणि चहा सांगितला.

रात्री जेवताना मी ही गोष्ट घरात सांगितली. भाऊ भात कालवत राहिले. मतं त्यांनाच दिली ना, असं मी विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "साकव झालो मा? आता तेचेकडे आमचा काय काम? तो तिकीटवालो नवो रस्तो देतंय म्हणालो." मी बायकोकडे बघितलं.

"भावोजींनी सांगितल्यानी थय मीया शिक्को मारलंय," ती हळूच म्हणाली.

मुलगी वाढायला उभी होती. तिने आमटीचं भांडं खाली ठेवलं, आपली चप्पल घातली आणि एकटीच अध्यक्षांच्या घराच्या वाटेने निघाली. मला तिच्या मागे जायचं धैर्य झालं नाही.