लढाई न झालेल्या किल्ल्यावर

गुरुवारी दुपारी पोर्टलवर निकाल लागला. गणिताच्या त्या पेपरासमोर लिहिलं होतं, कायमचं अनुत्तीर्ण. जर्मनमध्ये ते जास्त सभ्य वाटतं, पण अर्थ तोच. माझा तिसरा प्रयत्न होता. आमच्या अभ्यासक्रमात एका पेपराला तीनदाच बसता येतं. तिसऱ्यांदा गेला की विद्यापीठातून नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम दुसऱ्या विद्यापीठातही सहसा घेता येत नाही.

मी लॅपटॉप बंद केला आणि स्वयंपाकघर साफ करायला घेतलं. आमच्या फ्लॅटच्या पुत्सप्लानवर, म्हणजे साफसफाईच्या पाळ्यांच्या तक्त्यावर, त्या आठवड्यात माझंच नाव होतं. शेगडीच्या काचेवर काहीतरी करपून बसलं होतं, ते खरवडण्यात बराच वेळ गेला. रडू येईल असं वाटत होतं. आलं नाही.

रविवारचं फिरणं आधीच ठरलं होतं. वाल्डॉर्फला एक सॉफ्टवेअर इंजिनिअर राहतात. त्यांच्या मुलीला मी शनिवारी मराठी वाचायला शिकवते. ती मन लावून ऐकते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिचे आजी-आजोबा पुण्याहून उन्हाळ्यासाठी आले होते. इंजिनिअर दादांचं घर बदलायचं चाललं होतं. ते म्हणाले, "आई-बाबांना एक दिवस डोंगरात नेशील का? घरात राहिले तर बाबा प्रत्येक खोक्यावर सूचना देत बसतील." मी हो म्हटलं होतं. शुक्रवारी फोन करून नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

आम्ही गेलो ते श्वार्त्सवाल्डमधलं, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरातलं, गाव लहान आहे. स्टेशनातून बाहेर पडलं की नदीवरचा दगडी पूल, मग गावाच्या जुन्या तटाचा उरलेला एक दरवाजा, मग बाजारचौक. चौकात लाकडी पट्ट्यांच्या चौकटी असलेली घरं आहेत आणि मधोमध कारंजं. आजोबांनी, म्हणजे माझ्या काकांनी, त्या दरवाजाच्या दगडावर हात ठेवून विचारलं, "याला बिजागऱ्या कुठं होत्या?" मला माहीत नव्हतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पण त्यांचं खरं आयुष्य सह्याद्रीच्या किल्ल्यांवर गेलं, असं काकू म्हणतात, आणि कौतुकाने म्हणतात असं नाही.

"आमचं लग्न झालं तेव्हा लोक महाबळेश्वरला जायचे. मला यांनी राजगडावर नेलं. साडीत."

"अगं, पण पोचलीस ना वर?"

"पोचले. उतरले तुमच्या मित्राच्या काठीवर."

मी हसले. तोंड हसण्याच्या जागी गेलं, एवढं आठवतं.

चौकाच्या मागून वाट सुरू होते. इथल्या डोंगरांत झाडांवर, खांबांवर छोट्या पाट्या असतात, पांढऱ्यावर पिवळा चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. काकूंनी त्या चौकोनाला लगेच नाव दिलं. "ती बघ शंकरपाळी. इकडून जायचं." त्यानंतर दिवसभर आम्ही शंकरपाळ्यांच्या मागे चाललो. समोरून येणारा प्रत्येक माणूस हॅलो म्हणायचा. काका प्रत्येकाला नमस्कार म्हणायचे, आणि काही जण खरोखर थांबून हात जोडायचे.

जंगलाच्या सुरुवातीला एक छोटं पांढरं देऊळ आहे. म्हणजे कापेले, प्रार्थनेची खोली. तिथपर्यंतच्या चढावर वाटेच्या कडेने दगडी खांब आहेत आणि प्रत्येक खांबावर येशूला क्रूस घेऊन नेतानाचा एक प्रसंग कोरलेला आहे. एका खांबावर तो पडला आहे. पुढे कुठेतरी पुन्हा पडला आहे. त्याच्यानंतर आणखी एकदा. काकू प्रत्येक खांबापाशी थांबून चप्पल काढल्यासारखा पाय बुटातून अर्धा बाहेर काढायच्या आणि परत घालायच्या. मी पडलेल्या माणसाकडे बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं. दगड ओला होता, त्याच्यावर शेवाळ होतं. तेवढंच मला दिसत होतं.

त्या चढावर काकूंनी विचारलं, "परीक्षा झाल्या का गं?"

"झाल्या."

"बरे गेले ना पेपर?"

"बघू."

खोटं बोलायचं नव्हतं. पण पहिल्यांदा कोणाला सांगायचं ते ठरलेलं होतं, आणि त्या काकू नव्हत्या. बाबांना सांगायचं होतं. गुरुवारपासून माझ्यासमोर ते एकच काम होतं आणि तेच होत नव्हतं.

बाबा इचलकरंजीला यंत्रमागांवर काम करतात. आमच्या घरात कॉलेजचं तोंड मीच पहिल्यांदा पाहिलं. मागांच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्याने त्यांना कमी ऐकू येतं. तिथली सगळीच माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. म्हणून बाबांना साधा फोन चालत नाही, व्हिडिओच लागतो. तोंड दिसलं पाहिजे. शुक्रवारी आणि शनिवारी मी फोन उचलला नव्हता. लायब्ररीत आहे, असा मेसेज टाकला होता.

आणि त्यांना सांगायचं ते सरळ नव्हतं. नापास हा शब्द त्यांना कळला असता. पण आमच्याकडे नापास म्हणजे पुन्हा बसायचं. मीही तेच घेऊन इथे आले होते. पहिल्या सेमिस्टरला भाषा धड कळत नव्हती, अभ्यास झाला नव्हता, तरी मी सगळ्या पेपरांना नाव नोंदवलं. बसून तर बघू, राहिला तर पुढच्या वेळी काढू. कॉलेजात आम्ही सगळे असंच करायचो, आणि राहिलेले विषय पुढच्या वर्षी बिनबोभाट निघायचे. इथले विद्यार्थी तयारी नसेल तर मुदतीत नाव मागे घेतात. इथे नुसतं बसून बघता येत नाही, बसलं की तो एक प्रयत्न खर्च होतो. हे मला दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळी कळलं. हे बाबांना कोणत्या शब्दांत सांगायचं, याचा विचार करत मी चढत होते, आणि दर वेळी पहिल्या वाक्याशीच अडत होते.

झाडी संपली आणि किल्ला आला. एक उंच बुरूज, दोन पडक्या भिंती, मधे गवत. दरवाजाची नुसती कमान उरली आहे. काका कमानीपाशी थांबले, वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

"अहो, इथं कशाला?" काकू म्हणाल्या.

"किल्ला आहे."

"आपला नाही."

"कोणाचा तरी आहे ना."

त्यांनी मोजे काढून बुटांत कोंबले, कमानीतली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि अनवाणी आत गेले. गवतावर बसून सफरचंद खाणाऱ्या एका जोडप्यातली बाई उठून माझ्याकडे आली. आजोबांच्या पायाला लागलं आहे का, तिच्याकडे पट्टी आहे, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे किल्ल्यावर अशी पद्धत आहे. "आख झो," असं होय, ती म्हणाली आणि परत जाऊन बसली. थोड्या वेळाने पाहिलं तर तिनेही बूट काढले होते. उकडत असेल.

काकांनी मला फलकापाशी उभं केलं. "वाच. वेढा कोणी घातला होता?"

मी वाचलं. वेढा कोणीच घातला नव्हता. घराण्याला वारस उरला नाही, किल्ला ओस पडला, आणि मग खालच्या गावातल्या लोकांनी घरं बांधायला इथले दगड नेले.

"म्हणजे लढाईच नाही?"

"इथं तरी लिहिलेली नाही, काका."

काका अनवाणी उभे राहून त्या भिंतींकडे बघत राहिले. काकू म्हणाल्या, "बरं झालं. दगड कोणाच्या तरी घराला लागले." आणि त्यांनी धपाट्यांचा डबा उघडला.

तेव्हा फोन वाजला. बाबांची पाळी सुटली असणार. व्हिडिओ होता. मी बघत राहिले. काकू म्हणाल्या, "अगं उचल ना, घरचा आहे." म्हणून मी उचलला. त्यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं.

रेंज कमी होती. बाबांचा चेहरा आला, थिजला, परत आला. मागे गेटवर सायकली दिसत होत्या.

"कुठं हाईस गं? मागं काय पडलंय ते?"

"किल्ला आहे, बाबा."

"आं?"

"किल्ला!"

"दोन दिस फोन न्हाई. आई जेवीना झालीय."

मी उठून भिंतीपाशी गेले. पाठीला दगड गार लागत होता. मी म्हटलं, "बाबा, माझा पेपर गेला. तिसऱ्यांदा."

त्यांचा चेहरा हलला नाही. चित्र थिजलं असेल असं मला वाटलं.

"बाबा, मी नापास झाले!" मी ओरडले. "आता परत बसता येणार नाही! नाव काढून टाकलं!"

गवतावरच्या जोडप्याने वर पाहिलं. काकांचा हात डब्यावर तसाच राहिला. आता काका-काकू दोघांनाही ते कळलं होतं, आणि तरीही मला लाज वाटली नाही. कानात फक्त माझाच आवाज राहिला होता.

"वरडू नको," बाबा म्हणाले. "कळलं मला. पयल्यांदाच कळलं. तोंड दिसतंय न्हवं तुझं."

मग त्यांनी विचारलं, "परत म्हंजे कंदीच न्हाई?"

मी मान हलवली.

"मग तिथं काय करत्यात असल्या पोरांचं?"

मी म्हटलं, दुसरा विषय घेता येतो कदाचित, दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजात. सल्ला द्यायला एक ऑफिस असतं. मुदत असते. व्हिसाचंही विचारायला लागेल. मला अजून काही माहीत नाही.

"मग इचार की. उद्या इचार."

"हो."

"आईला तू सांगू नगंस. मी सांगतो. आज न्हाई, जेवण झाल्यावर उद्या. तू नुस्ता फोन उचलत जा."

कोणीतरी त्यांना हाक मारली. ते वळले, आणि चित्र गेलं.

मी परत येऊन बसले. काकूंनी धपाट्यावर लोणचं घालून माझ्या हातात दिलं. काका खाली बसून पायाचे तळवे झाडत होते. ते म्हणाले, "त्या ऑफिसात एकटी जाणार आहेस?"

"हो."

"मला जर्मन येत नाही. पण मी बाहेर बसेन. मला इथं काही काम नाहीये."

"अहो, तुम्ही तिथंही बूट काढाल," काकू म्हणाल्या.

मी हसले की नाही ते आठवत नाही. धपाटं खाल्लं, कारण गुरुवारनंतर मी नीट जेवले नव्हते, आणि ते धपाटं खाताना मला हे पहिल्यांदा कळलं.

उतरताना आम्ही दुसरी वाट धरली, जुन्या खाणीच्या तोंडावरून जाणारी. जाळी लावून ते बंद केलं आहे. आतून गार हवा येत होती. काकांनी आत डोकावून हाक मारली, हाक परत आली, त्यांना आनंद झाला. त्या चढ-उताराच्या वाटेवर मला पुढे चालवेना. मी एका ओंडक्यावर बसले.

"उतरताना होतं असं," काकू म्हणाल्या आणि शेजारी बसल्या. काका पुढे जाऊन थांबले, आणि तिथूनच ओरडले, "उद्या किती वाजता उघडतं ते ऑफिस?"

मी फोन काढला आणि बघायला लागले.