केबिनचे रबर आणि वज्रेश्वरीचा नारळ

देवीवर तेव्हा माझा फार विश्वास होता असं मी लिहिणार नाही. खोटं लिहायला मला शाळेत शिकवलं नाही, आणि शाळाही चौथीपर्यंतच झाली. सासूबाई वज्रेश्वरीला नवस बोलायच्या, मी नारळ फोडायची, एवढंच. पण सत्तरच्या दशकात भिवंडीत आमच्यावर जी पाळी आली, तेव्हा जे झालं ते मी जसंच्या तसं सांगते.

माझ्या मालकांची, म्हणजे नवऱ्याची, उजव्या हाताची दोन बोटं कापडाच्या लूममध्ये गेली. लूमवरचं काम सुटलं. मी लूमसाठी सुताच्या कांड्या भरायला जायची, त्यावर घर कसं चालणार? लग्नाआधी ते गवताचा ट्रक चालवायचे, म्हणून हिंमत करून आम्ही भंगारातली एक जुनी पिकअप आणली. कापडाच्या सेठने सांगितलं होतं, "गाडी रस्त्यावर आणा, तागे पोचवायचं काम तुमचं. नाहीतर सोमवारी मी दुसऱ्याला देतो."

इंजिन झालं, ब्रेक झाले, राहिली केबिन. केबिन चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर, रबराच्या गट्ट्यांवर बसते. आमचे गट्टे हात लावला की भुगा होत होते, आणि त्या जुन्या गाडीचे नवे कुठे मिळेनात. मग ट्रकच्या टायरचा जाड तुकडा आणून मी पाणी लावत सुरीने चकत्या कापल्या, तापवलेल्या सळईने भोकं पाडली. मालकांना हातात पाना धरवत नव्हता. म्हणून फळी ठेवून जॅकने केबिन उचलली, पदर खोचला आणि गाडीखाली मीच शिरले. शेजारीण दारातून ओरडली, "काय गं, कांड्या सोडून गॅरेज काढलंस काय?" मी खालूनच म्हटलं, "हो, तुझी जीभ पण ढिली झालीय, आण, आवळून देते."

मालक बाजूला उकिडवे बसून सांगत होते, "आवळ. अजून आवळ." लूमवाल्याचा हात तो. लूमवर नट जरा ढिला राहिला की सगळं खिळखिळं होतं, हेच त्यांनी इतकी वर्षं पाहिलेलं. मीही अंगात होती नव्हती ती ताकद लावली.

रविवारी सासूबाई म्हणाल्या, "पहिली फेरी देवीची." नारळ मांडीवर घेऊन मी आणि मालक निघालो. रस्ता खराब. केबिन करकरायला लागली, प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट मणक्यात. एका खड्ड्यात माझ्या बाजूचं दार उघडलं, मी कशीबशी आत राहिले आणि नारळ रस्त्यावर घरंगळत गेला. दार पुन्हा लागेना, चौकटच तिरकी झालेली. मालकांनी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "परत फिरू. हे आपल्याच्यानं होणार नाही." त्यांना असं मी बोटं गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं. मी मनात देवीला म्हटलं, बाई, मला येत होतं तेवढं मी केलं. आता तूच बघ.

मागून एक बैलगाडी आली. एक बैल तांबडा, एक पांढरा. गाडीवाला म्हातारा आमचा नारळ घेऊन उतरला. "तुमचाच काय बाय ह्यो?" मी झालं ते सांगितलं. त्याने वाकून केबिनखाली बघितलं. रबर चेपून कडेने फुगून बाहेर आले होते.

"मना मोटारीतला काय कळत न्हाय," तो म्हणाला. "पन जू आसा करकचून बांधला तं बैलाची मान सोलून निघल. त्याला जरा हालाया जागा पायजे का न्हाय?"

मी मालकांकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. मी सीटखालून पाना आणि उरलेले नट काढले आणि भर रस्त्यात गाडीखाली गेले. सगळे नट सोडले, रबर फुगून जागेवर येऊ दिले. मग वॉशर हाताने फिरायचा थांबेपर्यंत सगळीकडे सारखं आवळलं, आणि नट सुटू नये म्हणून प्रत्येकावर दुसरा नट बसवला. बाहेर येऊन दार ओढलं. टक्क करून लागलं.

म्हाताऱ्याला मी नारळ देऊ केला. "देवीचा हाय, तिलाच द्या," म्हणाला आणि बैल हाकले. परत येताना आसपासच्या पाड्यांवर विचारलं, तर तांबड्या-पांढऱ्या जोडीचा म्हातारा कुणालाच माहीत नव्हता. सासूबाईंनी त्याचं काय ते ठरवून टाकलं. मी ठरवलं नाही. तो कोण होता ते मला कळलं नाही. तो वेळेवर आला, एवढं पक्कं ठाऊक आहे.

सोमवारी सेठच्या दारात गाडी उभी राहिली. त्याने दार उघडलं, लावलं, परत उघडलं आणि विचारलं, "केबिन कोणी बसवली?" मालक म्हणाले, "आमच्या हिने." माझं कौतुक मालकांनी आयुष्यात मोजकंच केलं, पण हे चारचौघांत केलं. त्या गाडीवर आमचं घर उभं राहिलं. गाडी मोडीत जाईपर्यंत ते रबर बदलावे लागले नाहीत.

वज्रेश्वरीला मी अजून जाते. देवीकडे काही मागत नाही, तिचे उपकार मानते. काम मात्र माझं मीच करते आणि चोख करते. पण हात आणखी आवळायला शिवशिवला की तो म्हातारा आठवतो. मग म्हणते, बाई, आता तुझं. आणि पाना खाली ठेवते.