मावशीच्या हातचं पाणी

“पाणी पायजे तर माठ तिथं हाय. घ्या हातानं.”

बोईसरजवळ सालवडला मावशीच्या घरी जाणाऱ्या प्रत्येकाला शेवटची दोन वर्षं हे ऐकावं लागायचं. चहा ती स्वतः आणून द्यायची, बशीसकट. ईदला आपण गेलो नाही तर शिरखुर्म्याचा डबा घरी पोचायचा. पण पाण्याचा पेला काही हातात द्यायची नाही. माठाकडे हनुवटी उडवायची आणि तोंड फिरवून बसायची. शेजारणी म्हणायच्या, म्हातारी आपला मान राखते, आपण हिंदू ना. मी म्हणायचे, चहा चालतो आणि पाणी चालत नाही, हे कुठलं नवीन सोवळं काढलंत बायांनो? त्या हसायच्या, मीही हसायचे. खरं कारण मला एकटीला माहीत होतं, म्हणून जरा जास्तच मोठ्यानं हसायचे.

अशी मावशी तुम्हीही पाहिली असणार. पाच फुटांच्या आत उंची, कमरेला ओढणीचा घट्ट पीळ, चालणं असं की मागून कोणी गाडी घेऊन येतंय. तिचं नाव मी सांगत नाही. दवाखान्यातल्या मावशीला स्वतःचं नाव असतं हे तसंही कुणाला आठवत नाही.

पंचवीस वर्षांपूर्वी बोईसरला स्टेशनपासून जवळच एक लहानसं प्रसूतिगृह होतं. आता तिथं मोबाइलची दुकानं आहेत. मिस्टरांना एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून आम्ही सांगलीकडून इकडे आलो आणि मी त्या दवाखान्यात केसपेपर लिहायला लागले. मावशी माझ्या आधीपासून होती. झाडणं, पुसणं, बाळंतिणीचं करणं, सगळं तीच. माझी एक खोड आहे, एकदा लिहिलेलं नाव मी विसरत नाही. नाव, गाव, कितवी खेप, सगळं डोक्यात राहतं. मावशी म्हणायची, “ताई, तुझं डोकं नाय, कपाट हाय.” मला त्याचा फार अभिमान होता.

तिचं एक पेटंट वाक्य होतं, “वर विचारतील हां!” मी कप न विसळता ठेवला, वर विचारतील. नर्सबाई पेशंटवर खेकसली, वर विचारतील. एकदा मी डब्यातली वांग्याची भाजी टाकून दिली, तर म्हणाली, “वांगं उभं राहील आणि सांगेल, हिनं मला टाकलं.” मी म्हटलं, मावशी, वर वांग्यांचंसुद्धा ऐकून घेतात का? “सगळ्यांचं ऐकतात. तिथं वशिला चालत नाय.”

नवं बाळ पुसून, दुपट्यात गुंडाळून आईजवळ ठेवेपर्यंत ती तोंडानं काहीतरी पुटपुटायची. कुराणातली एक सूरा होती ती. ओळी आखूड, प्रत्येक ओळ एकाच ठेक्यावर येऊन थांबायची. बाळाला थोपटायला तो ठेका अगदी बरोबर बसायचा. हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, रडणारं बाळ गप्प व्हायचं. बाळंतिणी मुद्दाम म्हणायच्या, मावशी, ते तुमचं म्हणा ना. मी अर्थ विचारला की ती हात झटकायची.

“वाचता येतंय, समजत नाय. सातव्या वर्षी मशिदीत पाठ केलं, ते अजून पाठ हाय.”

पुढे एके दिवशी डॉक्टर शटर ओढून निघून गेले ते परत आलेच नाहीत. मी एका पतपेढीत लागले, मावशीनं चार घरची बाळं न्हाऊ घातली. साठी उलटली, नवरा गेला, नातवंडं शाळेत जायला लागली. आणि एक दिवस ती माझ्याकडे आली ती चौकटीची वही आणि दोन पेन्सिली घेऊन.

“शाळेत घातलं मला,” म्हणाली.

सालवडमध्येच धर्माचं शिक्षण घेऊन आलिमा झालेली एक मुलगी दुपारी बायकांना अरबी शिकवायची. नुसतं वाचायला नाही, भाषा म्हणून. सगळ्या विशीतल्या पोरी आणि त्यांत ही एकटी म्हातारी. तिनं हट्टच धरला होता. “मरायच्या आधी एकदा कळू दे तरी, आयुष्यभर मी काय बोलत होते.”

काय ते दिवस होते! संध्याकाळी चालत यायची आणि माझ्या ओट्याशी बसून धडा म्हणून दाखवायची. तिच्या बाईंनी सांगितलं होतं, अरबीत बहुतेक शब्दांचं बी तीन अक्षरांचं असतं, त्यालाच पुढे फांद्या फुटतात. मावशीला ते इतकं आवडलं की ती दिसेल त्या शब्दाचं बी शोधायची. एकदा धापा टाकत आली. “ताई, किताब अरबी, कायदा अरबी, वकील अरबी, तारीख अरबी, हिशोब अरबी! तू तर अर्धी शिकलेलीच हाय!” मी म्हटलं, म्हणजे कोर्टात जायचं तर अरबी आलंच पाहिजे. तिला हे इतकं पटलं की तिनं वर्गात जाऊन सांगितलं. चुकली की बाई वहीवर लाल गोल करायच्या, तो गोल ती मला कौतुकानं दाखवायची. साठ वर्षांत तिच्या चुकीवर कोणी एवढं लक्ष दिलं नव्हतं, असं ती म्हणाली.

वर्षभरानं तिनं बाईंकडे लाडानं मागणी केली, “आता माझी बाळांची सूरा घ्या.”

त्या दिवशी ती आली तेव्हा मी गवार मोडत होते. आली आणि उंबऱ्यातच बसली. चेहरा असा की मला वाटलं, घरात कोणी गेलं. मी उठून पाणी दिलं. तिनं पेल्याकडे पाहिलं आणि तो असा दूर सारला की पाणी जमिनीवर सांडलं.

“ताई, ती सूरा बाळांची नाय गं. ती कयामतची हाय. सूर्य विझणार, डोंगर जागचे हलणार, त्या दिवसाची. आणि मधेच एक पोरगी येते. जितेपणी पुरलेली पोरगी. तिला विचारणार, तुला कुठल्या गुन्ह्यासाठी मारली?”

मी गवार खाली ठेवली.

“मारणाऱ्याला नाय विचारत. पोरीलाच विचारतात. आणि ती सांगणार.” तिनं माझा हात धरला. “पोरींना कुशीत घेऊन मी हे म्हणत होते. आणि त्याच दवाखान्यात मी पाणी देत होते.”



तुम्हाला आता सांगायलाच हवं. त्या दवाखान्यात सोनोग्राफीची एक खोली होती. तिच्या दारावर पाटी होती, इथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. मावशी ती पाटी रोज ओल्या फडक्यानं पुसायची. बाहेर बाकड्यावर नवरा आणि सासू बसलेली असायची. तपासणी झाली की डॉक्टर दार किलकिलं करून हाक मारायचे. “मावशी, यांना चहा द्या,” म्हणजे मुलगा. “मावशी, यांना पाणी द्या,” म्हणजे मुलगी. बस, तोंडानं कोणी अवाक्षर काढायचं नाही. मावशी ट्रे घेऊन यायची आणि बाकड्यावरची माणसं तिच्या चेहऱ्याकडे नाही, ट्रेकडे बघायची. चहावाले चहा फुंकून फुंकून प्यायचे. पाणीवाले पाण्याला हातही लावायचे नाहीत. तो भरलेला पेला मावशी मोरीत ओतून द्यायची. त्यांतली काही दोन-तीन दिवसांनी दुपारच्या वेळी, मागच्या दारानं परत यायची. त्यांचे केसपेपर मी लिहायचे. कारण म्हणून काय लिहायचं, ते डॉक्टर सांगायचे.

मावशीला ठाऊक होतं का? पहिल्या महिन्यात नसेल, पुढे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आम्ही एकमेकींशी त्यावर कधी एक शब्द बोललो नाही. नोकरी होती, पोरं लहान होती, असली कारणं मी स्वतःला खूप दिली आहेत. पण तिला वाचता येत होतं ते समजत नव्हतं. माझ्यासमोर तर मराठीतली पाटी होती. मला वाचताही येत होतं आणि समजतही होतं.

त्या दिवसापासून मावशीनं कुणालाही हातानं पाणी दिलं नाही.

आठवड्यानं ती परत आली, आणि या वेळी वही नव्हती. “अल्लाचं काय चुकवलं तर अल्ला माफ करील,” ती म्हणाली. “पण माणसाचं चुकवलं तर माफी त्या माणसाकडनंच आणायला लागते. पोरींकडे तर जाता येत नाय. त्यांच्या आयांकडे जाते. मला चेहरे आठवतात, ताई. नावं तुझ्याकडे हायत. मला नावं दे.”

मी नाही म्हटलं.

लाज सोडून सांगते, मी घाबरले. माझ्या मुलीचं लग्न ठरत होतं. पतपेढीत चार लोक मला मान देत होते. मी म्हटलं, “मावशी, झालं ते झालं. उगाच कशाला खपल्या काढायच्या? त्यांच्या घरात आग लागेल.” ती म्हणाली, “आग हायच तिथं. त्या एकट्या जळतात.” मी म्हटलं, “मला आता नावं आठवत नाहीत.”  माझ्या त्या कपाटाचं कौतुक आयुष्यभर तिनंच केलं होतं. पण रागावली नाही. नुसती उठली आणि म्हणाली, “बरं. चेहऱ्यांवर जाते.”

आणि खरंच गेली. पालघरला जाऊन सातपाटीची एसटी पकडायची, दवाखान्यात बऱ्याच जणी त्या कोळीवाड्यातून यायच्या. तिथं बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांपाशी जाऊन बसायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांची तोंडं न्याहाळायची. पंचवीस वर्षांपूर्वीच्या पोरी आता पन्नाशीला आलेल्या, चेहरे कसे सापडणार? बायकांना वाटायचं, म्हातारी कुणाची वाट बघतेय. कोणी खायला द्यायचं, कोणी सुके बोंबील बांधून द्यायचं. ते बोंबील ती माझ्या घरी आणून टाकायची. “आज पण नाय सापडली,” एवढंच म्हणायची. ते बोंबील मी भाजले, तळले, आणि घशाखाली उतरवलेही. इतकी मी निर्लज्ज.

गेल्या उन्हाळ्यात तिला ताप आला. मुलगा म्हणाला दोन दिवसांत उतरेल, पण तिसऱ्या दिवशी ती गेली. मी पोचले तेव्हा पुरुष कबरस्तानातून परत येत होते. सून म्हणाली, शेवटी पुटपुटत होती, पण ते बाळांचं नाही, दुसरंच काहीतरी, मराठीत. “चेहरे गेले, ताईला सांगा, चेहरे पण गेले.”

मी घरी येऊन दार लावलं आणि रडले. मग एका कागदावर लिहायला बसले. एकही नाव विसरलेलं नव्हतं.

पहिलं नाव सातपाटीचं होतं. ते मला पक्कं आठवत होतं, कारण त्या दिवशी तपासणी होताच ती बाई संडासला गेली होती, सासू-नवरा बाकडं सोडून रस्त्यावर गेले होते, म्हणून डॉक्टर चिडलेले होते आणि त्यांनी दार सताड उघडून ओरडून सांगितलं होतं, “मावशी, पाणी!” मी हातातलं काम टाकून स्टोअरमध्ये कापूस आणायला निघून गेले होते. मला तो ट्रे बघवायचा नव्हता. ती बाई पुढे दवाखान्यात कधी आली नाही. मी धरून चालले होते की दुसरीकडे उरकलं असेल.

घर शोधायला वेळ लागला नाही. बाई अंगणात बसून जाळ्याचा गुंता सोडवत होती. मी ओळख सांगितली, त्या दवाखान्यात केसपेपर लिहायचे म्हटलं. तिच्या कपाळाला आठी पडेल असं वाटलं होतं. ती तर खुलली.

“आणि ती मावशी कशी हाय? बुटकीशी?”

“गेली,” मी म्हटलं.

“अरे देवा. चांगली होती गं. तिनंच मला चाय दिलता.”

मला वाटलं मी चुकीच्या घरात आले. मी म्हटलं, चहा?

“चायच. सासू तिथंच नाचायला लागली. मंग काय, पुढचे पाच महिने मला फुलासारखी जपली. इथंच घरी बाळंत झाली, आणि झाली पोरगी!” ती हसली. “सासू म्हणे, मशीन चुकली. नवऱ्यानं चार दिवस तोंड फिरवलं, पण मंग तोच तिला खांद्यावर घेऊन बंदरात फिरायचा. तीच आता बोईसरला कंपनीत लॅबमधी हाय. आज सुट्टी हाय तिला.”

मावशीनं त्या दिवशी मुद्दाम चहा दिला, की गडबडीत चुकून? मुद्दाम दिला असेल तर ती माझ्याकडे माफीसाठी नावं मागत फिरली, तेव्हा हे एक तरी पुण्य स्वतःच्या बाजूनं का नाही सांगितलं? आणि चुकून दिला असेल तर ही जी मुलगी आत वावरत होती, ती एका बाईच्या विसरभोळेपणावर जगली. हे मी आता कुणाला विचारू?

मी जे सांगायला आले होते ते सांगितलं. म्हटलं, “मशीन चुकलं नव्हतं. डॉक्टर पाणी म्हणाले होते. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.”

बाईचे हात जाळ्यातच थांबले.  तिनं घराच्या दाराकडे पाहिलं, आणि पाहतच राहिली.

दारात मुलगी आली. उंच, केस ओले, आईसारखीच हनुवटी. तिनं आमचं काही ऐकलं नव्हतं. घरात पाहुणा आला की मराठी घरातली कुठलीही मुलगी जे विचारते, तेच तिनं हसून विचारलं.

“काकू, चहा घेणार की पाणी आणू?”