मुद्देमालातला वीर

वडील गेले त्या वर्षी आमचा वीर पोलीस ठाण्यात होता. वीर म्हणजे चांदीचा अंगठ्याएवढा टाक, घोड्यावर बसलेला, नाकडोळे झिजून गेलेला. कुठल्याशा लढाईत पडलेला आमचा पूर्वज. नाशकात धुळवडीला असे वीर खोबऱ्याच्या वाटीत बसवून वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, नेतात आणि रामकुंडात अंघोळ घालतात. आमच्या घरी हे काम वडिलांचं. त्या हिवाळ्यात चोरांनी देव्हारा उचकटला आणि आडव्या आलेल्या वडिलांना ढकलून पळ काढला. वडील उंबऱ्यावर डोकं आपटून पडले, ते इस्पितळातून परत आलेच नाहीत. चोर लवकर सापडले, वीरही सापडला.

आईचं एकच म्हणणं होतं. "धुळवडीला वीराची अंघोळ चुकवायची नाही. ह्यांनी एकही वर्ष चुकवली नाही."

मी शाळेत मास्तर, वाचायची सवय, म्हणून आधी वाचलं. फिर्यादीला फिर्यादीची नक्कल मोफत मिळते. जप्त झालेली वस्तू कोर्टाच्या हुकमाने, हमीपत्रावर परत मिळू शकते. हे सगळं छापलेलं आहे, आणि छापलेलं आहे म्हणूनच बहुधा सुरक्षित आहे. ठाण्यात तर हक्कांचा फलकच होता. त्याच्यापुढे कपाट लावल्यामुळे 'नागरिकांचे' एवढंच वाचता येई. नक्कल मोफत होती, पण झेरॉक्सवाला जेवायला गेला होता. मी गेलो की तो नेहमीच जेवायला गेलेला असे.

मुद्देमालाच्या खोलीची किल्ली एका हवालदाराच्या पट्ट्याला लटकलेली असायची. चांदवडकडचा माणूस.

"मास्तर, वीर लय मजेत हाय आत. एका अंगाला दोन तलवारी, दुसऱ्या अंगाला दारूचे कॅन. लढवय्याला आणखी काय पायजे?"

"पण तो आमचा आहे हो."

"तुमचा व्हता. आता सरकारचा हाय."

कोर्टात सरकारी वकिलांनी हेच शुद्ध भाषेत समजावलं. खटला सरकार विरुद्ध चोर असा आहे. त्यात वडील 'मयत' आणि मी साक्षीदार. चोरांना वकील परवडत नव्हता म्हणून सरकारने दिला होता. ते योग्यच आहे, माझी तक्रार नाही. फक्त त्यांना बसायला बाक होता, आणि आई व्हरांड्यात खांबाला टेकून उभी असे.

"टाक तुमच्याच पूर्वजाचा कशावरून?" सरकारी वकिलांनी विचारलं. "पूर्वजाचा एखादा फोटो आहे का?"

ते हसले नाहीत. मीही हसलो नाही.

तारखा पडत गेल्या आणि हुकूम हातात आला तो होळीच्या संध्याकाळी. धुळवडीला दुपारी आईला घेऊन ठाण्यात गेलो तर हवालदार नाही. किल्ली घेऊन बंदोबस्ताला गेलेला. कुठे? रामकुंडावर, वीरांच्या मिरवणुकीला. लोकांचे वीर सुखरूप न्हावेत म्हणून आमचा वीर कुलपात होता.

गंगेवर हलगी कडाडत होती. हवालदार पायऱ्यांवर काठी घेऊन उभा होता. त्याने हुकूम दोनदा वाचला.

"हुकूम बराबर हाय, मास्तर. पण पॉइंट सोडून ठाण्यात गेलो तर सायेब मला सोडायचे नाय. उद्या या."

"उद्या धुळवड आहे का?" मी म्हणालो. इतक्या महिन्यांत माझा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि तो हलगीत बुडून गेला.

आईने त्याच्या पट्ट्याकडे बोट केलं. "दादा, आमचा वीर त्या किल्लीच्या पलीकडे आहे ना? मग तिलाच घाला अंघोळ."

आता हा खेकसणार असं मला वाटलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं, काठी माझ्या हातात दिली आणि बूट काढले. सरकारची किल्ली पाण्यात तीनदा बुडवली. आईने तिला गुलाल लावला, तो त्याने पुसला नाही.

पुढच्या आठवड्यात वीर घरी आला, मानेला लाखेची मोहर आणि चिठ्ठी बांधलेला. त्याच्या स्वरूपात बदल करणार नाही, बोलावल्यावर हजर करीन, असं मी लिहून दिलं होतं. टाक चिकट झाला होता, दारूचा वासही येत होता. पाणी घातलं तर तो स्वरूपात बदल ठरेल का, हे मी पुस्तकात शोधत बसलो.

आईने त्याला चिठ्ठीसकट देव्हाऱ्यात ठेवलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याची अंघोळ झालीय."