बावीस मीटर

आमच्या घरात गोष्टींच्या पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा प्रत्येक सभेतून चार-पाच घेऊन यायचे आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. कॉलेजात गेल्यावर मी पहिल्यांदा लिहिलं तेही पत्रकच, क्रीडा कोट्यातल्या खोट्या प्रमाणपत्रांविरुद्ध. 'एक खोटा दाखला म्हणजे एका खऱ्या खेळाडूची चोरलेली जागा.' मलकापूरच्या स्टँडवर उभी राहून मी ते स्वतः वाटलं होतं.

दोन वर्षांनी धाकटी बहीण बारावी झाली. अठ्ठ्याहत्तर टक्के. पोहायला ती रोहिणखेडला मामाच्या विहिरीत शिकली, पाठीला डबा बांधून. मग एका मंगल कार्यालयाच्या मागच्या तलावात. लग्न असलं की तलाव बंद. तिथी दाट असल्या की आठवडाभर सराव नाही. तरी तिनं जिल्ह्यात दोनदा पदक आणलं. तिला पुण्यातलं एक कॉलेज हवं होतं, कारण त्याच्या आवारात पन्नास मीटरचा तलाव होता. बाकी काही तिला नकोच होतं.

आमच्याकडे पदक दिसलं की सगळे एकच रस्ता दाखवतात. क्रीडा कोटा. मी पुण्याच्या त्या कॉलेजच्या प्रशिक्षकांना फोन लावला.

"पदकं ठीक आहेत," ते म्हणाले. "शंभर मीटरची वेळ किती? एक मिनिट दहा सेकंदांच्या आत असेल तरच मी चाचणीला बोलावतो. आणि तलावाची लांबी लिहून पाठवा."

तिच्या प्रमाणपत्रांवर क्रमांक होते, वेळ कुठेच नव्हती. आम्ही मोबाइलवर वेळ लावली. तलाव पंचवीस मीटरचा, म्हणून चार फेऱ्या. एक मिनिट सहा सेकंद. आम्ही दोघी ओल्या फरशीवर बसून हसत राहिलो.

लांबी बिनचूक लिहावी म्हणून मी मांडववाल्याचा टेप मागून घेतला. बावीस मीटर भरले. पुन्हा धरला. बावीसच.

कार्यालयाचे मालक, ज्यांना आम्ही काका म्हणायचो, खुर्च्या मोजून घेत होते.

"काका, तुम्ही तं पंचवीस सांगत होते."

"पंचवीसच काढला होता पोरी. मंग स्वयंपाकघराची भिंत आडवी आली. तीन मीटरनं काय बिघडते? पाणी तं तेच हाय ना."

आम्ही तलावाच्या कडेला बारा मीटरवर खडूनं खूण केली आणि ती चार फेऱ्यांनंतर तेवढं जास्त पोहली. एक मिनिट पंधरा.

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसले. कोण मोजायला येणार होतं? ज्यांना धड तलाव दिला नाही त्यांच्याकडूनच सेकंदांचा हिशेब मागायचा, हा कुठला न्याय? हे सगळं मी मनात अगदी पत्रकाच्या भाषेत म्हणत होते, आणि हातानं लिहीत होते: तलावाची लांबी, पंचवीस मीटर.

बहिणीनं मागून वाचलं.

"ताई, हे काऊन लिहून राह्यली?"

"तुयासाठीच."

"मायासाठी? अन् स्टँडवर वाटलं ते कोणासाठी होतं? मी बी तुयासोबत वाटलं होतं ना. पाय दुखले होते माये."

"तुले जायचं हाय का नाही?"

"जायचं हाय. पण तिथं गेल्यावर मले खऱ्या तलावात उतरवतीन ना. तवा तू येशीन का टेप धराले?"

मी कागद फाडला. दुसऱ्यावर तिचे बारावीचे टक्के आणि दोन्ही वेळा लिहिल्या, बावीस मीटर लिहिलं आणि स्वयंपाकघराची भिंतही लिहिली. ते पाठवताना मला माझी लाज वाटत होती.

चार दिवसांनी त्या प्रशिक्षकांचा फोन आला. "कोट्यात नाही बसणार," ते म्हणाले. बहीण माझ्या तोंडाकडे बघत होती. "पण अठ्ठ्याहत्तर टक्के आहेत, तर कोट्याच्या मागे का लागलात? आमच्याकडे भूगोलाला गुणांवर प्रवेश मिळेल. संघाची निवड नंतर होते, तिला कोटा लागत नाही. आणि ती भिंत... ते लिहिलंत, बरं केलंत."

गुणांच्या यादीकडे आम्ही एकदाही पाहिलं नव्हतं. मार्कशीट कपाटात होती, पदकं भिंतीवर.

गुणांच्या दुसऱ्या यादीत तिचं नाव आलं. पहिल्या दिवशी तलावातून निघाल्याबरोबर तिनं फोन केला. दात वाजत होते.

"ताई, बावीसवर हात आपोआप पुढं गेला. भिंतच नाही."

"मंग?"

"मंग काय. पोहत राह्यली."